शेवाळाचा जमाखर्च

ज्या गावाहून समुद्र गाठावयाचा म्हणजे वरंध घाट उतरून महाड आणि तेथून पुढे हरिहरेश्वराची वाट धरावी लागते, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की तीही वाट बंद होते, त्या भोरात घरामध्ये खाऱ्या पाण्याची काचपेटी बाळगणाऱ्या मनुष्यास लोक विक्षिप्त म्हणत असतील, तर त्यात मला त्यांचा काही दोष दिसत नाही. दीडशे लिटरची पेटी, दोन क्लाउनफिश, शंखात राहणारे चार खेकडे आणि खालच्या कपाटात मी स्वहस्ते बांधलेली शेवाळाची गाळणी, एवढाच या छंदाचा संसार. प्रवाळ मी ठेवले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्याकडे ते बाळगता येत नाही, आणि शिक्षकी पेशात जन्म गेलेल्या मनुष्याला कायद्याशी हुज्जत घालण्याची हौसही नसते.

पेटीतील सारा उपद्रव हिशेबाचा आहे, हे मला फार उशिरा उमगले. माशांना दररोज अन्न घालावे, त्यांनी ते खावे, त्याचा अमोनिया व्हावा, जीवाणूंनी त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करावे, आणि मग ते नायट्रेट व अन्नातून आलेले फॉस्फेट तेथेच साचत राहावे, असा हा केवळ जमेचा व्यवहार. खर्चाच्या रकान्यात टिंब नाही. आमच्या गावाला तर हे सांगायला नको. शिवकालीन अष्टप्रधानांतील सचिव, म्हणजेच सुरनीस, राजपत्रे शोधून शुद्ध करी आणि परगण्यांचे हिशेब तपाशी. राजाराममहाराजांच्या काळी ते पद शंकराजी नारायणांकडे आले आणि त्यांच्या वंशजांचे हे भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन होईपर्यंत चालले. अशा सचिवाच्या दफ्तरात माझ्या पेटीची कीर्द गेली असती, तर पहिल्याच महिन्यास तिच्यावर शेरा पडला असता. पाणी बदलणे हा एक उपाय खरा. परंतु विकतच्या समुद्री मिठाचा भाव पाहता, दर पंधरवड्यास तीस लिटर पाणी मोरीत ओतताना हात कापतो.

दुसरा उपाय अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी दाखविला. प्रवाळखडकांवर आखूड, दाट शेवाळाची जी हिरवळ असते ती पाण्यातील पोषकद्रव्ये किती झपाट्याने ओढून घेते, हे पाहून त्यांनी जाळीवर तीच हिरवळ वाढवून वेळोवेळी खरवडून काढण्याची युक्ती योजिली आणि १९८२ साली तिचे पेटंट मिळविले. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल येथे १९८७ साली उघडलेल्या पंचवीस लाख लिटरच्या प्रवाळकुंडाचे पाणीही प्रथम याच रीतीने स्वच्छ ठेवीत. जे शेवाळ काचेवर आले की आपण कपाळाला हात लावतो, त्यालाच वेगळी जागा, भरपूर उजेड आणि वाहते पाणी द्यावे, की ते पेटी सोडून तिकडे वस्तीस जाते.

माझी पहिली जाळी फसली ती गुळगुळीतपणामुळे. भरतकामाची प्लास्टिकची जाळी आणली, पाऊण इंची पीव्हीसी नळीला चीर पाडून तीत ती अडकविली, पंप सोडला, आणि दोन आठवड्यांत तपकिरी थर जाऊन हिरवा आल्यावर सर्वांना बोलावून दाखविली. त्याच रात्री तो सबंध थर, तापल्या दुधावरची साय सरकावी तसा, जाळीवरून घसरला आणि खालच्या निचऱ्याच्या तोंडाशी जाऊन बसला. पहाटे शहाबादी फरशीवर खारे पाणी होते, आणि त्यात माझ्या चपला तरंगत होत्या.

दुसऱ्या जाळीला मी करवतीच्या पात्याने दोन्ही अंगांनी, आडवे-उभे, दोन संध्याकाळी ओरखडले, ते इतके की हात फिरविला असता फणसाची साल चाचपल्याचा भास व्हावा. नव्या मनुष्याला मी एवढेच सांगतो, की पंपाच्या कंपनीचा विचार मागाहून करा, आधी जाळी खरबरीत करा.

मग राहिली पाण्याची वाटणी. वीस सेंटिमीटर रुंदीच्या जाळीस तासाला सुमारे हजार लिटर पाणी लागते आणि ते सबंध रुंदीवर सारखे, पातळ पदरासारखे उतरावे लागते. माझ्याकडे मात्र ते डाव्या कोपऱ्यातून धो धो आणि उजवीकडे थेंब थेंब. वेल्ह्यात माझी नोकरी झाली, तेव्हापासून परिचयाचे एक शेतकरी सहज आले होते. तोरण्याच्या पायथ्याला त्यांची भातखाचरे आहेत. क्षणभर पाहून ते म्हणाले, "गुरुजी, बांधाचं तोंड एका अंगाला खचलंय तुमच्या. पाणी उताराचं धनी, ते दुसरीकडं जायचं कसं?" गवंड्याची पाणसळ आणून नळीवर ठेवली, तो बुडबुडा खरोखरच एका अंगास पळालेला. नळी सम केली, चीर तीन मिलिमीटर ठेवून सारखी घासली, जाळी ओळंब्यात टांगली, आणि पाणी असे उतरू लागले की जाळीवर काच बसविली आहे असे वाटावे. जाताना ते पुन्हा म्हणाले, "नांगरट नाही, राब नाही, आणि कापणी दर रविवारी. बरंय की हे शेत!"

कापणी खरोखरच रविवारी असते. जाळी नळीसकट मोरीत न्यायची, गोड्या पाण्याखाली धरायची, कारण शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव त्याने मरतात, आणि पत्र्याच्या उलथन्याने हलक्या हाताने खरवडायचे. मुळाशी थोडे राहू द्यायचे, म्हणजे पुढचे पीक लवकर येते. चिरेत शिरलेले तंतू जुन्या दातघासणीने काढले नाहीत, तर बुधवारपर्यंत पाणी पुन्हा एका अंगास. निघालेला ओला गोळा मुठीत पिळला की त्याला हरिहरेश्वरच्या खडकांचा वास येतो. मीठ धुऊन मी तो कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकतो. वहीत तारीख घालून खर्ची लिहितो.

आषाढात भोरची वीज जाते ती काही सांगून जात नाही. इन्व्हर्टर माशांच्या हवेच्या पंपापुरता. जाळी मात्र ओली राहिली नाही तर दोन-तीन तासांत कडेने वाळू लागते. परवा रात्री अशीच वीज गेली, आणि मी स्टुलावर बसून पेटीतले पाणी तांब्याने जाळीवर ओतीत होतो. बाराच्या सुमारास सौभाग्यवती कंदील घेऊन आल्या, काही वेळ उभ्या राहिल्या, आणि माझ्या हातातला तांब्या घेत म्हणाल्या, "अहो, सरका. डावीकडं कोरडं राहतंय."