दयाची जागा

गोकुळधाम सोसायटी, पावडर गल्ली, गोरेगाव पूर्व, मुंबई. या पत्त्यावर जेठालाल गडाच्या घरात 2017 पासून एक जण मुक्काम ठोकून आहे. तिला चेहरा नाही, वाट्याला एक संवाद नाही, श्रेयनामावलीत नाव नाही. तरीही त्या घरातल्या कुणालाच तिला वगळून चालत नाही. ती म्हणजे दयाची रिकामी जागा.

'तारक मेहता का उल्टा चश्मा' ही मालिका 28 जुलै 2008 ला सुरू झाली. तारक मेहतांनी 1971 पासून गुजराती 'चित्रलेखा'त चालवलेल्या सदरातून ती उभी राहिली. जेठालाल झाले दिलीप जोशी आणि त्याची बायको दया झाल्या दिशा वकानी. नाकातून काढलेला तो उंच सूर, नवऱ्याला 'टप्पू के पापा' म्हणून घातलेली साद, संकट आलं की 'हे माँ, माताजी', आणि आनंद झाला की कुठंही, कसल्याही निमित्तानं सुरू होणारा गरबा. नऊ वर्षं हे घर त्या आवाजावर चाललं. मग दिशा बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. रजा लांबत गेली आणि ही जागा घरात वाढत गेली. दयाच्या हजेरीची नऊ वर्षं होती. जागेचं वय आता जवळपास तेवढंच झालं आहे.

जागेचा स्वभाव अबोल, पण ती सतत लक्ष वेधून घेते. जेठालालचे वडील बापूजी त्याच्यावर चिडतात तेव्हा मध्ये पडणारं, सासऱ्यालाही न दुखावता नवऱ्याला सांभाळून घेणारं माणूसच घरात उरलेलं नाही. जेठालाल दुकानातून दमून येतो, दार उघडतं, आणि समोर कुणी काही बोलण्याच्या आधी क्षणभर काहीच घडत नाही. तो क्षण म्हणजे ती. दिलीप जोशींच्या अभिनयात गेल्या काही वर्षांत जो एकटेपणा मुरला आहे, तो तिच्यासोबत केलेल्या संसारातून आला आहे.

तिचं घराणंही सांगायला हवं. दयाची आई अहमदाबादला असते. ती पडद्यावर दिसत नाही. तिचं सगळं अस्तित्व टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला. दया फोन कानाला लावून तासन् तास बोलायची, खिदळायची, आणि पलीकडची न दिसणारी बाई आपल्याला ओळखीची वाटू लागायची. जेठालालचे जे हाल व्हायचे, त्यामागेही बऱ्याचदा तिचाच सल्ला असायचा. म्हणजे न दिसणाऱ्या माणसावर जीव लावायची सवय या मालिकेनं प्रेक्षकांना पहिल्यापासून लावली होती. लेक माहेरी गेली आणि आईसारखीच दिसेनाशी झाली. भाऊ सुंदर अधूनमधून येतो. ती भूमिका करणारे मयूर वकानी दिशा यांचे सख्खे भाऊ. त्यामुळे तो दारात उभा राहिला की त्याच्या मागे कुणी आहे का, हे आपण पाहतोच.

सोसायटीतल्या इतर जागा मात्र भरल्या गेल्या. जेठालाल-दयाचा मुलगा टप्पू भव्य गांधीकडून राज अनादकटकडे आणि पुढे नीतिश भलुनीकडे गेला. अंजलीभाभी झालेल्या नेहा मेहता गेल्या, सुनयना फौजदार आल्या. शैलेश लोढांनंतर तारक मेहतांची भूमिका सचिन श्रॉफनी घेतली. आपल्या मराठी भिड्यांची सोनू तर चार मुलींनी उभी केली. डॉक्टर हाथी झालेले कवी कुमार आझाद 2018 मध्ये गेले, तेव्हा सुरुवातीला तीच भूमिका करणारे निर्मल सोनी परत आले. 2021 मध्ये घनश्याम नायक गेले, तेव्हा जेठालालच्या दुकानातल्या नट्टूकाकांसाठी माणसं खरोखर हळहळली. पुढे दुकानात नवे नट्टूकाका आले.

दर वेळी घराघरांत तीच बोलणी. 'ही नाही शोभत हो.' 'आधीचाच बरा होता.' मग महिना जातो, पडद्यावरचे शेजारी नव्या माणसाला जुन्या नावानं हाक मारत राहतात आणि आपणही मारू लागतो. नावाची हाक चेहऱ्यापेक्षा जोरकस ठरते.

दयाच्या बाबतीत ही हाक चालली नाही. टप्पू म्हणजे एक नातं होतं, ते दुसऱ्याला देता आलं. दया म्हणजे एक गळा होता. तो उसना घेतला तर नक्कल होते. शिवाय जुने भाग दिवसभर लागतात. दुपारी तिचा गरबा चालू असतो, आजी नातवाला त्यावर वरणभात भरवते, आणि रात्री साडेआठला त्याच घरात ती नसते. एकाच दिवसात ती आहे आणि नाही. नव्या बाईला रोज दुपारी या तुलनेत उतरावं लागेल.

आमच्या सोसायटीच्या बाकावर या विषयाचे तीन पक्ष आहेत. एक म्हणतो, 'कुणीही आणा, पण घरात बाई हवी.' दुसरा म्हणतो, 'दिशाच हवी, नाहीतर राहू दे.' तिसऱ्या पक्षाच्या एक काकू परवा म्हणाल्या, 'येत नाही तर नाही म्हणून सांगा ना. आम्ही काय लहान आहोत?' माझं मत या काकूंना.

कारण या जागेवर अन्याय झाला आहे तो फसव्या आशेचा. दया येणार म्हणून कितीदा तयारी झाली. 2023 च्या दिवाळीला सुंदरनं वचन दिलं, जेठालाल मोहरला, घर सजलं, आणि ती आली नाहीच. प्रेक्षक इतके भडकले की मालिकेवर बहिष्काराची भाषा सुरू झाली. तो राग पोरकट नव्हता. ज्या माणसांनी हजारो भाग या कुटुंबाला रात्रीच्या जेवणाला सोबत घेतलं, त्यांना आपल्या वाट पाहण्याचा खेळ झालेला सोसला नाही. 2025 च्या सुरुवातीला निर्माते असित मोदींनी दिशा वकानी आता परतू शकणार नाहीत असं सांगितलं. हे सांगायला झालेला उशीर मला खुपतो. आई झालेल्या बाईनं आपला वेळ मुलांना दिला, हा तिचा हक्कच. चुकलं ते तिच्या नावानं आशा लांबवत राहण्यात.

मला वाटतं, ही जागा भरायची घाई करू नये आणि ती झाकूही नये. उपाय मालिकेनंच कधीचा शोधून ठेवला आहे. 2019 मध्ये दिशा वकानी थोड्या वेळासाठी आल्या होत्या, त्याही फोनवरूनच. दयाला तिच्या आईच्या रांगेत बसवा. आईच्या सेवेसाठी ती अहमदाबादला राहिली आहे, हे जेठालालला एकदा स्पष्ट बोलू द्या, आणि मग रोज त्याचा फोन वाजू द्या. पलीकडचा आवाज ऐकवायचीही गरज नाही. दिलीप जोशी समर्थ आहेत आणि प्रेक्षक त्याहून समर्थ. न दिसणाऱ्या आईला इतकी वर्षं घरचं मानणारी माणसं न दिसणाऱ्या लेकीलाही मानतील. त्यांना फक्त खरं सांगायला हवं.