भिंतीला टेकलेले बाक

१९९३ साली मी बीदर जिल्ह्यातील एका शाळेत नवा होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी कोसळली. आमच्याकडेही भांडी वाजली, पुढे कित्येक रात्री माणसे अंगणात झोपली. दिवाळीनंतर तिकडून आजोळी आलेल्या एका मुलाने विचारले, "सर, भूकंप भूपट्टांच्या कडेला होतात म्हणालात. कड तर हिमालयात. मग आमचं घर का पडलं?"

"पुस्तकात तेवढंच आहे. बस खाली." मी मराठीचा एम. ए., भूगोल बदली तासाला घेत होतो. पण ही सबब मला आजही पटत नाही.

पुढे वाचत गेलो. भूकंपमापक यंत्रावरचा पहिला झटका काही केंद्रांवर वर उमटतो, काहींवर खाली. वर म्हणजे जमीन ढकलली गेली, खाली म्हणजे ओढली गेली. सगळ्या केंद्रांच्या नोंदी एकत्र मांडल्या की खडक कोणत्या दिशेने दाबला जात होता ते उमगते. २०१५ च्या ७.८ प्रतीच्या नेपाळच्या भूकंपात भारतीय भूपट्ट हिमालयाखाली सरकला. दाब ढोबळमानाने उत्तर-दक्षिण. आणि ६.२ प्रतीच्या किल्लारीत? तिथेही एक खडक दुसऱ्यावर चढलेला, दाब जवळपास त्याच दिशेचा!

बाकांची रांग भिंतीपर्यंत रेटली की मधलाच एखादा खिळखिळा बाक उचलला जातो. वर्ग झाडताना हे मी रोज पाहत होतो. आता दहावीला हेच करून दाखवतो.

तो मुलगा पुढच्या जूनमध्ये शाळेत आला नाही.