काळ्या सशाचे अभय

गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये, नॉरफोक परगण्यात मुलीकडे होतो. सायंकाळी शेतांच्या कडेने फिरावयास जात असे. ती जमीन शिकारीसाठी राखलेली. कुंपणापाशी तीसेक करडे-तपकिरी रानससे चरत आणि त्यांत एक काळाभोर! कोणाचा पाळीव ससा सुटला असावा, असे मला वाटले. तेथील राखणदार म्हणाला, हा रानातलाच. असा रंग काहींना जन्मतःच येतो. पिके खातात म्हणून तो सशांना गोळी घालतो, काळ्याला मात्र नाही. त्याच्या वडिलांनीही कधी घातली नव्हती. जुने राखणदार म्हणे काळे ससे मुद्दाम जपत. ते दिसेनासे झाले की चोरटे शिकारी येऊन गेल्याचे कळे. म्हणजे दयेत हिशेबही होता! (बँकेत हयात घालवलेल्याला हे लगेच उमगते.)

ऐकून मला हायसे वाटले आणि परतताना त्याचीच लाज वाटली. बाकीच्या तिसांचे काय? मेघकुमाराच्या पूर्वभवातील हत्तीने वणव्याच्या वेळी पायाखाली आलेल्या सशासाठी अडीच दिवस पाय उचलून धरला. ही कथा व्याख्यानात कितीदा ऐकली. त्या सशाचा रंग कोणता, हे कोणी विचारल्याचे आठवत नाही. आणि मी? दर पर्युषणात पांजरापोळाची एक पावती फाडतो आणि वर्षभर निश्चिंत असतो.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी पुन्हा तेथे गेलो. काळा नेहमीच्या जागी होता. या वेळी तपकिरी ससे मोजले. बावीस भरले.