डोळ्यांना न दिसणारी उदासी

माझी ताई विदर्भात, वरूडला दिली आहे. भावोजींची संत्र्याची बाग. आम्हा गोंयकारांना नारळ-पोफळीची सवय, त्यामुळे आंबिया बहार, मृग बहार हे शब्द मी तिथेच प्रथम ऐकले. 2023 मध्ये गेलो तेव्हा बागेतली काही झाडे पिवळी पडली होती.

"आधी वाटलं जस्त कमी पडलं," भावोजी म्हणाले. "दोन फवारे मारले. काही उपयोग नाही."

पाने, देठांसकट, नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत तपासायला दिली. उत्तर आले : ग्रीनिंग. सिट्रस सिला नावाची चिमुकली कीड हा जिवाणू झाडाच्या अन्नरसात सोडते. तो प्रयोगशाळेत सहजी वाढत नाही, म्हणून त्याचा जनुकीय अंशच शोधावा लागतो. पद्धत पीसीआर. करोनात आपल्या नाकातल्या बोळ्यावर जी झाली, तिचीच ही बहीण. नेमका तुकडा सापडला की त्याच्या कोट्यवधी नकला होतात आणि लपलेला चोर उजेडात येतो.

भावोजींना खरा धक्का बसला तो दुसऱ्याच झाडाचा. विहिरीजवळचे एक झाड हिरवेगार, फळांनी लगडलेले. त्याच्याच डोळाकाड्या कापून त्यांनी जंबेरीच्या खुंटावर कलमे बांधली होती, भावकीतही वाटली होती. त्याची पानेही सहज म्हणून दिली होती. तेही बाधित निघाले. कलमाच्या कळीला मराठीत 'डोळा' म्हणतात. त्या डोळ्यातूनच रोग घरोघर गेला आणि आपल्या डोळ्यांना दिसला नाही!

संत्र्याच्या दुसऱ्या एका रोगाचे नाव ऐकून तर मी चमकलो : ट्रिस्टेझा. हा पोर्तुगीज शब्द आमच्या आजोबांना समजावून सांगावा लागला नसता. अर्थ, उदासी. 1930 च्या दशकापासून ब्राझीलमध्ये या विषाणूने लाखो झाडे वाळवली, तेव्हा तिथल्या लोकांनी हे नाव दिले. तो मावा किडीतून आणि कलमांतूनही पसरतो.

तपासणीने झाड बरे होत नाही. ग्रीनिंगवर खात्रीचा इलाज अजून नाही. शिवाय रोग एका फांदीत सापडतो, दुसरीत नाही, त्यामुळे एकदा 'नाही' आले म्हणून निर्धास्त राहता येत नाही. कचेरीत फायली चाळणाऱ्या माझ्यासारख्याला एवढे कळते की, शेरा वेळेवर पडला तरच कामाचा. इथे ती वेळ म्हणजे डोळा काढण्यापूर्वीची. आधी मातृवृक्ष तपासायचा, मग कलम. संस्थेत तर शेंड्याचा मिलिमीटरहून लहान, सहसा रोग न पोचलेला कोंब घेऊन त्यापासून निरोगी रोपे तयार करतात.

विहिरीजवळचे झाड भावोजींनी स्वतः तोडले. मग फोन घेऊन बसले. ज्याला ज्याला कलम दिले होते, त्याला त्याला सांगत होते, "माझ्याकडचं रोप तपासून घ्या."

ताई म्हणाली, "झाड तोडताना बोलले नाहीत. फोन करताना मात्र आवाज कापत होता."