देवासची टेकडी आणि तिरकी नजर
आपल्या इंदूरहून देवास तासाभराच्या अंतरावर. पवारांच्या दोन गाद्यांचं हे गाव. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा. इथेच १९७४ पासून नोटांचा सरकारी छापखाना आहे. आत जाता येत नाही, पण पाचशेची नोट तिरकी धरा: हिरवा धागा निळा दिसतो.

तशीच तिरकी नजर बाजारातल्या होलोग्राम लेबलवर टाका. वर पॉलिएस्टरची फिल्म, तिच्याखाली नक्षी दाबलेला लॅकरचा थर, मग व्हॅक्यूममध्ये चढवलेलं, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकं पातळ ॲल्युमिनियम, शेवटी गोंद. लेबल सोललं की थर सुटतात, नक्षी मोडते. नुसती चमक नकली मालावरही असते. आईबाबांच्या औषधाच्या डबीवर असं लेबल असेल, तर ते अखंड आहे ना, एवढं पाहूनच घ्या.