न छापलेली ओळ

२००३ च्या उन्हाळ्यात वाइनवरचा माझा पहिला लेख एका पुरवणीत छापून आला. राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, आणि नाशिकच्या ‘सुला’ची पहिली वाइन निघून तीन. लेख फुलस्केपवर हातानं लिहायचा, कुरिअरनं धाडायचा आणि दोनशे रुपये मानधनाच्या चेकची तीन-तीन महिने वाट पाहायची. तरी रविवारी अंक उघडताना छातीत जी धडधड व्हायची, ती आजही आठवते.

त्या लेखातली एक ओळ मात्र गाळली गेली. एप्रिलमध्ये पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली वाइन शिजते, ताज्या फळाची चव जाऊन मुरांब्यासारखी लागते, असं मी लिहिलं होतं. दुकानदार दुखावतील, असं सांगण्यात आलं.

याच दुखण्यावर तिकडे अमेरिकेत रॉबर्ट पार्करनं १९७८ मध्येच औषध शोधलं होतं. मेरीलँडमधल्या या वकिलानं ‘वाइन ॲडव्होकेट’ हे वार्तापत्र काढलं ते वर्गणीदारांच्या जिवावर, जाहिरातींशिवाय. १९८२ च्या बोर्दो वाइनची त्यानं ठामपणे तारीफ केली आणि त्याचं नाव झालं. पुढे लंडनच्या वाइन-लेखिका जान्सिस रॉबिन्सन यांनीही इंटरनेटवर वाचकांची वर्गणी घेऊन लिहिण्याची वाट रुळवली. मला हे फार उशिरा उमगलं.

आता दर गुरुवारी माझा लेख ईमेलनं जातो. वर्गणी महिना नव्वद रुपये, यूपीआयनं. मद्याच्या जाहिरातींवर आपल्याकडे कडक निर्बंध, त्यामुळे तो रस्ता तसाही बंद. आणि वाइनरीकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं. बाटल्या पदरच्या पैशानं घेतो. खरं सांगायचं तर घर वर्गणीवर कमी आणि चव घ्यायला शिकवण्याच्या वर्गांवर जास्त चालतं. पण त्या वर्गांना माणसं येतात ती लेख वाचूनच.

गेल्या जानेवारीत दिंडोरीला पहाटे शेनिन ब्लांची काढणी पाहिली. कुडकुडत्या बाया घड कापून अलगद क्रेटमध्ये ठेवत होत्या. बागवाल्यानं एक मणी चिरडला, रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकला आणि नळी उजेडाकडे धरून माझ्या हाती दिली. रेघ बावीसवर होती. ‘‘गोडी भरली, भाऊ. आता आंबटपणा उतरायच्या आत तोडायचं.’’ त्या एका सकाळीवर मी दीड हजार शब्द लिहिले. पुरवणीत साडेतीनशेच्या वर जागा नसे.

संपादकांची मात्र फार आठवण येते. ‘‘इथं वाचक अडखळेल’’ म्हणून रात्री नऊला फोन करणारं आता कुणी नाही. पाठवायच्या आधी लेख मोठ्यानं वाचतो, त्यांच्याच आवाजात.

या एप्रिलमध्ये ती जुनी ओळ मी जशीच्या तशी पाठवली. दुसऱ्या दिवशी संगमनेरहून एका बाईंचं उत्तर आलं. फ्रिजच्या डोक्यावरची बाटली त्यांनी कोठीच्या खोलीत, माठाशेजारी हलवली होती.