दुधावरचा संशय

वऱ्हाडातल्या कामरगावात कोणाच्या घरी जाऊन कोरा चहा मागणं सोपं नाही. पाण्याचा तांब्या येतो, खुर्ची पुढं सरकते, आत गॅस पेटतो आणि आपण हळूच म्हणतो, "काकू, माह्यासाठी बिनदुधाचा ठेवा." आतला भांड्यांचा आवाज थांबतो. "काहून बाप्पा, आमच्या घरी दूध नाई काय?" इथं कोरा चहा म्हणजे म्हैस आटल्याचा, हात आखडल्याचा चहा. पाहुण्यापुढं तो ओशाळून ठेवतात. पाहुण्यानंच तो मागावा हे कोणाला पटत नाही. दूध सोसत नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न तयार असतो: मग लहानपणी कसं सोसलं?

प्रश्न अगदी नेमका आहे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. अंगावर पिणाऱ्या लेकराकडं ते भरपूर असतं, पुढं बहुतेकांत ओसरत जातं. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांचं असंच होतं. मोठेपणीही ते टिकणं हा खरा अपवाद. पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखून दुधावर जगलेल्या लोकांत तो रुजला, आणि भारतात वायव्येकडून दक्षिण-पूर्वेकडं यावं तसा विरळ होत जातो. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि माणूस पोट डब्ब करून ओसरीवर येरझारा घालतो.

एवढं कळलं तरी संशय मिटत नाही. काल पोट फुगलं ते रात्रीच्या दुधानं, की लग्नातल्या झणझणीत वांग्याच्या भाजीनं? परवा दूध घेतलं, काहीच झालं नाही. मोठ्या शहरात श्वासातला हायड्रोजन मोजून हे तपासतात. गावात उरतो तो साधा उपाय: काही दिवस सोडून बघणं आणि मग पुन्हा सुरू करून बघणं. दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि जन्मभर एखाद्या निरपराध पदार्थावर राग धरून बसतात. (गव्हाचं मात्र उलट आहे. सिलिअॅक या आजाराची शंका असेल, तर गहू सोडण्याआधी रक्त तपासावं. सोडल्यावर तपासणीत खूण सापडेलच असं नाही.)

सोडण्याचीही एक रीत आहे. सवयीनं अंगवळणी पडलेल्या अपथ्याला चरकसंहिता एकदम हाकलायला सांगत नाही; पाव-पाव हिश्श्यानं कमी करायला सांगते. मला हा सल्ला फार माणुसकीचा वाटतो. रात्रीचा पेला आधी पाऊण झाला, मग अर्धा. घरच्यांना बदल दिसला नाही आणि कोणाची समजूतही घालावी लागली नाही.

शिवाय वऱ्हाडी ताट या बाबतीत मोठं दयाळू. ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी: यात दुधाचा थेंब नाही. कढीचीही अडचण नाही. दही लागताना जिवाणू थोडं लॅक्टोज खातात आणि उरलेलं फोडायला पोटातही मदत करतात, म्हणून दूध न मानवणाऱ्याला ताक बहुधा मानवतं. अडचण येते ती सणाची. पुरणपोळी दुधात कुस्करल्याशिवाय जेवण झालं असं न मानणारी घरं आहेत. आणि कारंज्याला, नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी, दर्शन घेऊन आलेल्या शेजाऱ्यानं पेढा हातावर ठेवला, तर त्याला आतड्यातलं विकर समजावून सांगायचं नसतं. कपाळाला लावायचा आणि चिमूटभर तोंडात टाकायचा.

चिमटीनं काही होतही नाही. ज्यांना लॅक्टोज पचत नाही अशांपैकी बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत ते विशेष त्रासाविना चालतं. तेवढं साधारण पावशेर दुधात असतं. चहाच्या कपातल्या 50 मिलिलिटर दुधात जेमतेम अडीच ग्रॅम. या हिशेबानं चहा निर्दोष सुटला आणि झोपण्याआधीचा पितळी पेलाच दोषी ठरला. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ग्रॅम-बिम काही ऐकलं नाही, साखर दोन चमचे जास्त टाकली.

आता संशयाची सुई तुरीच्या वरणाकडं वळली आहे. कारणही आहे: डाळींतल्या काही साखरा फोडणारं विकर माणसाच्या आतड्यात मुळातच नसतं. डाळ भिजवून पाणी फेकलं तर त्या थोड्या कमी होतात. पण सोयाबीन आणि तुरीच्या शिवारात राहून, वरण-बट्टीच्या पंगतीत तुरीवर आळ घ्यायचा म्हणजे मामला साधा नाही. दुधाच्या वेळी निदान वैद्य माझ्या बाजूनं होते. घरात विषय काढून पाहिला, तर पानात वरणाची आणखी एक वाटी पडली.